दहापैकी साडेसहा

लंडनच्या मासिकाने आम्हाला दिले दहापैकी साडेसहा.
तो अर्धा कशाचा, यावर विल्फ आणि यारेक
फ्रीमन स्ट्रीटच्या टोकापर्यंत भांडत गेले.
मी मागून, पाठीवर बेस,
हातात चौघांच्या चिप्स.

बँडचं नाव ओला पुठ्ठा.
नाव ठेवलं तेव्हाच कळायला हवं होतं
पहिला समीक्षक काय लिहील ते.
त्याने तेच लिहिलं. पहिल्याच ओळीत.

दुसरीला विल्फच्या गळ्यात ग्रिम्सबी बंदराचं दुःख सापडलं.
दुःख कसलं, विल्फ म्हणाला, सर्दी होती.
तिसऱ्याने आम्हाला एका जुन्या बँडची नक्कल ठरवलं,
तो बँड आम्ही कधी ऐकलाच नव्हता.
त्या रात्री ऐकला.
तिसऱ्याचं बरोबर होतं.
यारेकची भाची चालते अगदी तिच्या पणजोबांसारखी,
ज्यांना तिने फोटोतही पाहिलेलं नाही,
तसं काहीतरी झालं होतं.

चौथ्याने लिहिलं, मुलगी असून ड्रम्स बरे वाजवते.
टॅम्सिनने ते वाक्य कापलं,
स्नेअरवर मधोमध चिकटवलं,
जिथे काठी पडते तिथे.
गुरुवारपर्यंत 'मुलगी' उरली होती, 'बरे' गेलं होतं.

माझं नाव कुठेच नाही.
एके ठिकाणी 'आणि इतर'.
आई फिश फिंगरच्या कारखान्यात रात्रपाळीला असते.
तिने 'इतर'खाली निळ्या पेनाने रेघ मारली
आणि कात्रण लॉकरच्या दाराला आतून लावलं.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत:
अल्बमभर तळातून वाहणारा तो घुमारा.
धाडसी, म्हणाला एक.
जवळजवळ प्रार्थना, म्हणाली दुसरी.
ज्याने आम्हाला पुठ्ठा म्हटलं त्यानेही
तेवढ्यापुरती टोपी काढली.

घुमारा म्हणजे यारेकच्या काकाचा फ्रीज.
मासे धुरावायच्या शेडमध्ये आम्ही अकरा रात्री रेकॉर्डिंग केलं,
फ्रीजच्या पोटात चारशे किलो हॅडॉक.
बंद कर म्हटल्यावर बोग्दानकाका म्हणाला,
गाणं नासलं तर परत गाल,
मासा नासला तर?

घोंगड्या टाकल्या. गादी उभी केली.
काही उपयोग नाही, भिंतच घुमत होती.
चौथ्या रात्री आम्ही हात टेकले
आणि तारा त्याच्याच सुराला मिळवल्या,
ना धड या पट्टीत ना त्या,
मधल्या फटीत कुठेतरी.

फोनवर एकाने विचारलं, ही कल्पना कुणाची?
विल्फ म्हणाला, आमची. पहिल्यापासून डोक्यात होती.
मी समोर बसून त्याच्याकडे बघत होते.
बोलले नाही.
आणि इतर बोलत नसतात.

बोग्दानकाकाने अल्बम व्हॅनमध्ये ऐकला,
पहाटेच्या लिलावाला जाताना आणि परत येताना.
संपूर्ण. मधलं एकही गाणं न ओलांडता.
मग शेडमध्ये येऊन, हातमोजे न काढताच म्हणाला:
कॉम्प्रेसर जायला आलाय.
तिसऱ्या गाण्यात, शेवटी, अडखळतो बघा.

आम्ही चौघांनी पुन्हा लावलं.
अडखळत होता.
शेकडो वेळा ऐकलं होतं आम्ही ते,
आणि लंडनने, आणि ज्यांनी आकडे दिले त्या सगळ्यांनी.

सोमवारी मेकॅनिक आला.
नवा कॉम्प्रेसर इतका गुपचूप चालतो
की हात लावून बघावं लागतं.
आता त्याच शेडमध्ये आमची गाणी
भाड्याच्या कोटासारखी लोंबतात.

शनिवारी हलला कार्यक्रम आहे,
नदीपलीकडे, दोनशे माणसांची जागा,
दारावर आमच्या नावाखाली तो साडेसहाचा आकडा
त्यांनी नऊ वाटावा असा छापलाय.
तिथे फ्रीज नाही.
तालमीत विल्फ विचारतो, मग सूर कशावरून धरायचा?

यारेक काठीकडे बघतो, टॅम्सिन यारेककडे.
मग तिघंही माझ्याकडे.

मी सगळ्यात जाड तार जराशी सैल करते.
अजून थोडी.
इथे.